न आकारलेला कर : एका काउंटी मंडळाच्या इतिवृत्ताची गोष्ट

१/
जून १९५९. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने नव्या आर्थिक वर्षाची करआकारणी निश्चित केली. काउंटीच्या इतर खर्चांसाठी कर बसवण्यात आला. शाळांसाठी बसवण्यात आला नाही. सप्टेंबर उजाडला तेव्हा काउंटीतील एकही सार्वजनिक शाळा उघडली नाही. ती कुलपे निघण्यास पाच वर्षे लागली.

२/
वर्णभेदविरोधी लढ्याचा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा छायाचित्रांतून. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेबाहेर उभे असलेले सैनिक, १९६३ साली अलाबामा विद्यापीठाच्या दारात ठाण मांडून बसलेला गव्हर्नर. प्रिन्स एडवर्डचे असे छायाचित्र नाही. अंदाजपत्रकात न लिहिलेल्या ओळीचे छायाचित्र काढता येत नाही. म्हणूनच हा प्रसंग सामान्य वाचकाच्या स्मरणातून निसटतो. आणि म्हणूनच त्याकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे.

३/
प्रथम व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत राज्याच्या खालोखालची प्रशासकीय पातळी म्हणजे काउंटी. आपल्या जिल्ह्याशी तिची तुलना करण्याचा मोह होतो, पण दोन भेद ध्यानात ठेवावे लागतात. एक, तेथे वरून नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. लोकांनी निवडून दिलेले मंडळ हेच काउंटीचे शासन. दोन, आकार. १९६० च्या सुमारास प्रिन्स एडवर्डची लोकसंख्या जेमतेम १४ हजार होती. तंबाखू पिकवणारा, खेड्यापाड्यांचा प्रदेश. फार्मव्हिल हे त्याचे मुख्य ठिकाण. अशा ठिकाणी मंडळाचा सभासद हा बहुतेकांच्या ओळखीचा माणूस असतो.

४/
व्हर्जिनियात या मंडळांची घडी बसली ती यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने. त्यापूर्वी काउंटीचा कारभार न्यायदंडाधिकाऱ्यांच्या जुन्या न्यायसभा पाहत. पर्यवेक्षक मंडळाला मिळालेले अधिकार मात्र मोजूनमापून दिलेले होते. राज्याने स्पष्टपणे दिलेला असेल तेवढाच अधिकार काउंटीला, हे तत्त्व तेथील न्यायालयांनी कटाक्षाने पाळले. कागदोपत्री हे मंडळ दुबळेच म्हणावे असे. त्याच्या हातात एक गोष्ट मात्र पक्की होती : कर किती बसवायचा आणि तो कशावर खर्चायचा.

५/
या मंडळांचे नित्याचे कामकाज कसे चालते? ठरल्या दिवशी सभासद जमतात. गणपूर्ती पाहिली जाते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते. देयके मंजूर होतात. खात्यांच्या मागण्या येतात, नेमणुका होतात, एखादा नागरिक गाऱ्हाणे मांडतो. करासारखा महत्त्वाचा विषय असेल तर वृत्तपत्रात आगाऊ सूचना देऊन जनसुनावणी घ्यावी लागते. एक सभासद ठराव मांडतो, दुसरा अनुमोदन देतो, मते घेतली जातात, लिपिक नोंद करतो. सभा तहकूब.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची सभा ज्याने पाहिली आहे त्याला यात अनोळखी काही वाटणार नाही. ‘ऐनवेळचे विषय’ तेवढे इकडचे खास.

६/
तेव्हाच्या व्हर्जिनियात शाळांचे व्यवस्थापन वेगळ्या शाळा मंडळाकडे असे. हे शाळा मंडळ निवडून येत नसे. राज्यात निवडणुकीने शाळा मंडळ नेमण्याची मुभा थेट १९९२ मध्ये मिळाली. त्याला कर बसवण्याचा अधिकारही नव्हता. शिक्षक नेमणे, इमारती सांभाळणे, वेळापत्रक ठरवणे ही कामे शाळा मंडळाची. पैसा मात्र पर्यवेक्षकांकडून यायचा. दरवर्षी शाळा मंडळाने मागणीपत्र सादर करायचे आणि पर्यवेक्षकांनी ते मंजूर, नामंजूर किंवा कमी करायचे. वर्षानुवर्षे चाललेली ही देवघेव इतकी सवयीची होती, की तिच्यात एखाद्या पिढीचे शिक्षण थांबवण्याची ताकद आहे हे कुणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

७/
जनसुनावणीतील ‘जन’ कोण, हा प्रश्नही येथेच विचारला पाहिजे. व्हर्जिनियाच्या १९०२ च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर लावला होता : वर्षाला दीड डॉलर, मागील तीन वर्षांचा एकत्रित, तोही निवडणुकीच्या सहा महिने आधी भरलेला असला पाहिजे. गरीब कृष्णवर्णीयांना आणि बऱ्याच गरीब गोऱ्यांनाही मतपेटीपासून दूर ठेवण्याची ही सोय होती. राष्ट्रीय निवडणुकांपुरता हा कर १९६४ च्या घटनादुरुस्तीने गेला, राज्यातील निवडणुकांसाठी १९६६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. म्हणजे ज्या काळाची ही गोष्ट आहे त्या काळात सभेचे दार उघडे होते. सभासद निवडण्याचे दार मात्र अर्धेच उघडे होते.

८/
आता १९५१ कडे. फार्मव्हिलमधील मोटन हायस्कूल ही कृष्णवर्णीयांची माध्यमिक शाळा. १९३९ मध्ये बांधलेली इमारत १८० विद्यार्थ्यांसाठी होती. १९५० पर्यंत तेथे साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. गर्दीवर उपाय म्हणून आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारली होती. पालक नव्या इमारतीसाठी वारंवार अर्ज करत. उत्तर सभ्य भाषेत मिळे : विचार चालू आहे.

९/
‘विचार चालू आहे’ हा स्थानिक कारभारातील सर्वांत स्वस्त ठराव. त्याला मतदान लागत नाही, त्याची तारीख नोंदवावी लागत नाही, त्याविरुद्ध अपील करता येत नाही.

१०/
२३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सच्या नेतृत्वाखाली मोटनच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला. त्यांना हवी होती चांगली शाळा. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील त्यांच्या मदतीला आले ते मात्र एका अटीवर : मागणी नव्या इमारतीची नव्हे, वर्णभेदरहित शिक्षणाची असली पाहिजे. पालकांनी ती अट मान्य केली. हा खटला पुढे ‘ब्राऊन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या नावाने एकत्र सुनावल्या गेलेल्या पाच खटल्यांपैकी एक ठरला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवली.

मधल्या काळात, १९५३ मध्ये, मोटनची प्रशस्त नवी इमारत उभी राहिली. इतकी वर्षे नसलेला पैसा खटला दाखल होताच सापडला. काउंटीच्या तिजोरीबद्दल यापेक्षा अधिक काही सांगण्याची गरज नाही.

११/
निकालानंतर पर्यवेक्षक मंडळाने काय केले? मोर्चा काढला नाही, दगड मारले नाहीत. त्याने आपल्या नेहमीच्या कार्यपद्धतीतच थोडा फेरफार केला. शाळांना वर्षाचा निधी एकदम मंजूर करण्याऐवजी तो महिन्यामहिन्याने देण्यास सुरुवात केली, म्हणजे न्यायालयाचा आदेश आलाच तर पुढच्या महिन्यात हात आखडता घेता यावा. १९५६ मध्ये चार हजारांहून अधिक गोऱ्या रहिवाशांच्या सह्यांचे निवेदन आले. गोरी आणि कृष्णवर्णीय मुले जेथे एकत्र शिकतील अशा सार्वजनिक शाळा आपण चालवणार नाही, असा ठराव मंडळाने केला. तो रीतसर नोंदवला गेला.

हा ठराव लक्षात ठेवावा. आठ वर्षांनी तो पुन्हा पुढे येतो.

१२/
याच सुमारास व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदेच असे केले, की मिश्र शाळा आपोआप बंद पडाव्यात. १९५९ च्या प्रारंभी राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. राज्याने मग माघार घेतली आणि एप्रिलमध्ये सक्तीच्या शालेय उपस्थितीचा कायदा मागे घेऊन तो विषय स्थानिक मर्जीवर सोडला. इतर काउंटींनी नाखुशीने का होईना, शाळा चालू ठेवल्या. मे महिन्यात केंद्रीय अपील न्यायालयाने प्रिन्स एडवर्डला बजावले, की सप्टेंबरपासून गोऱ्यांच्या माध्यमिक शाळेत वर्ण न पाहता प्रवेश द्या. व्हर्जिनियाचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. न्यायालयाचा आदेश आणि अंदाजपत्रकाचा हंगाम पाठोपाठ आले.

१३/
मंडळाने शाळांसाठी कर बसवला नाही, आणि कारणही लपवले नाही : वर्ण न पाहता प्रवेश देण्याचा न्यायालयीन आदेश आपल्यासमोर आहे, म्हणून.

कृतीच्या दृष्टीने पाहिले तर मंडळाने काही केलेच नाही. एक गोष्ट करण्याचे टाळले. पुढे न्यायालयात हाच बचाव मांडला गेला. काउंटीने शाळांसाठी कर बसवलाच पाहिजे असे राज्यघटनेत कोठे लिहिले आहे? १९६३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद उचलून धरला. नियमांच्या चौकटीत त्यांचे म्हणणे बिनचूक होते. अन्याय करण्यासाठी नियम मोडावे लागतात, हा समज या एका निकालाने खोटा ठरतो.

१४/
गोऱ्या मुलांसाठी खासगी प्रतिष्ठानाने शाळा काढल्या. पहिले वर्ष देणग्यांवर निघाले. १९६० पासून राज्याने खासगी शाळेत जाणाऱ्या मुलास वर्षाला १२५ किंवा १५० डॉलर अनुदान देऊ केले. पर्यवेक्षक मंडळाने अध्यादेश काढून त्यात आणखी १०० डॉलरची भर घातली. शिवाय अशा शाळांना देणगी देणाऱ्यास मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. सार्वजनिक शाळेला एक छदाम न देणारे मंडळ सार्वजनिक पैसा आडवळणाने खासगी शाळेत पोहोचवत होते. आणि हे सारे रीतसर : सूचना, ठराव, अनुमोदन, मतदान, नोंद.

१५/
सुमारे १७०० कृष्णवर्णीय मुलांचे काय झाले? त्यांच्यासाठीही वेगळ्या खासगी शाळा काढण्याची तयारी दाखवण्यात आली होती. पालकांनी ती नाकारली. स्वीकारणे म्हणजे १९५१ पासूनचा सारा लढा सोडून देणे होते. काही मुले नातलगांकडे दुसऱ्या काउंटीत वा राज्यात गेली. काहींना क्वेकर पंथीयांच्या सेवा समितीने दूरच्या कुटुंबांत ठेवले. काही मोठी मुले उत्तर कॅरोलायनातील किट्रेल कॉलेजात शिकली. चर्चच्या तळघरांत लेखन-वाचनाचे वर्ग चालले. त्यांना शाळा म्हणणे मात्र त्यांच्या चालकांनीही टाळले. उरलेली शेतावर राबली. खासगी शाळेचा खर्च न पेलणाऱ्या काही गोऱ्या घरांतील मुलांचेही शिक्षण थांबले, हे सहसा सांगितले जात नाही.

या पालकांच्या नकाराबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नंतरच्या वर्षांत ‘तडजोड केली असती तर मुलांची वर्षे वाचली असती’ असा सूर ऐकू येतो. दिसायला तो व्यवहारी आहे. पण त्यात हिशेबाचा भार ज्यांनी दार लावले त्यांच्याकडून काढून ज्यांच्या तोंडावर ते लावले गेले त्यांच्यावर टाकला जातो.

१६/
१९६३-६४ मध्ये केंद्र, राज्य आणि काउंटी यांच्या सहकार्याने व खासगी देणग्यांतून काउंटीच्याच इमारतींत मोफत शाळा सुरू झाल्या. तोवर चार वर्षे गेली होती. सहाव्या वर्षी शाळेत जायला निघालेले मूल दहाव्या वर्षी पहिल्यांदा पाटीपुढे बसले.

१७/
२५ मे १९६४. ‘ग्रिफिन विरुद्ध प्रिन्स एडवर्ड शाळा मंडळ’ या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. फार्मव्हिलचे धर्मोपदेशक फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. निकाल लिहिला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी. राज्य एका काउंटीला दुसरीपेक्षा वेगळी वागणूक देऊ शकते, हे त्यांनी मान्य केले. प्रश्न हेतूचा होता. शाळा बंद करून खासगी शाळांना पैसा पुरवण्यामागे एकच कारण होते, वर्णविभागणी टिकवणे. आणि ते कारण घटनेला मान्य नाही. आवश्यक तर पर्यवेक्षकांना कर बसवण्याचा आदेश द्यावा, असेही न्यायालयाने म्हटले. केंद्रीय न्यायालये सार्वजनिक शाळा पुन्हा उघडण्याचा आदेश देऊ शकतात, या मुद्द्यावर दोन न्यायमूर्तींनी असहमती नोंदवली.

१८/
हेतू सिद्ध कसा झाला? न्यायालयाला कुणाच्या मनात डोकवावे लागले नाही. १९५६ चा ठराव नोंदीत होता. १९५९ मध्ये कर न बसवताना दिलेले स्पष्टीकरण नोंदीत होते. निकालपत्रात दोन्हींचा उल्लेख मंडळाच्याच शब्दांत आहे.

नित्याच्या कामकाजाचे खरे महत्त्व येथे दिसते. इतिवृत्त लिहिण्याची सक्ती अन्याय रोखत नाही. प्रिन्स एडवर्डमध्ये तिने एक दिवसही शाळा उघडी ठेवली नाही. पण अन्याय करणाऱ्याला तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत, तारीख घालून लिहून ठेवावा लागतो. आत्मविश्वास असलेली सत्ता हे निर्धास्तपणे लिहिते. आपण बहुमतात आहोत, आपण कायम राहणार आहोत, हे कागद कोण वाचणार?

१९/
हे पर्यवेक्षकांनाही उमगले असावे, असे पुढच्या प्रसंगावरून म्हणता येते. निकालानंतर नाइलाजाने शाळांसाठी तरतूद झाली, पण खासगी शाळांच्या अनुदानांसाठी त्याहून मोठी रक्कम ठेवण्यात आली. ही अनुदाने थांबवावीत यासाठी फिर्यादी पुन्हा न्यायालयात गेले. प्रकरण तेथे प्रलंबित असताना ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री मंडळाची सभा भरली. जाहीर सूचना नव्हती. गोऱ्या पालकांना निरोप धाडण्यात आले, रातोरात धनादेश वाटले गेले आणि सकाळी न्यायालयाने काही करण्यापूर्वी सुमारे १ लाख ८० हजार डॉलर काउंटीच्या तिजोरीतून गेले होते.

जे मंडळ पाच वर्षे दिवसाढवळ्या, नोंद ठेवून वागत होते, त्याला आता रात्र लागली. १९६६ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने हा न्यायालयाचा अवमान ठरवला आणि ती रक्कम परत भरण्यास फर्मावले.

२०/
४ ऑगस्ट या तारखेचा एक योगायोग मराठी वाचकांना खटकल्याखेरीज राहणार नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मांडला गेला तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. आणि मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर तो ठराव मागे घेतला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी. तारखांचा योगायोग सोडून द्यावा. साम्य पद्धतीत आहे. तळ्याभोवती झालेला हल्ला सर्वांना ठाऊक असतो. नगरपालिकेच्या सभेत हात वर करून झालेली माघार फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. तिच्याविरुद्धची न्यायालयीन लढाई मुंबई उच्च न्यायालयात संपायला १९३७ उजाडले.

२१/
सभा जाहीर असाव्यात, सूचना आगाऊ लावावी, नोंदी कुणालाही पाहता याव्यात, यासाठी अमेरिकेतील राज्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायदे केले. कॅलिफोर्नियाचा १९५३ चा. व्हर्जिनियाचा १९६८ चा, म्हणजे या रात्रीच्या सभेनंतर चार वर्षांनी. या कायद्यांनी सारे साधले, असे मानणारा एक पक्ष आहे. प्रिन्स एडवर्डचा अनुभव त्याला साथ देत नाही. १९५९ चा निर्णय उघड्या दाराआडूनच झाला होता. कार्यपद्धती हे निव्वळ सोंग आहे, असे म्हणणारा दुसरा पक्ष आहे. त्यालाही हा अनुभव साथ देत नाही, कारण सोंगच असते तर मध्यरात्री ते टाळण्याची धडपड कशाला केली असती?

दोहोंपैकी दुसरी चूक तरुण अभ्यासकांच्या हातून अधिक होते. क्रांत्या, लढाया आणि महापुरुष यांच्या ओढीत ठरावबुके आणि अंदाजपत्रके रटाळ म्हणून बाजूला पडतात. जेथे पैसा कुणाला द्यायचा हे ठरले, तेथील कागद रटाळ असूच शकत नाहीत. ते वाचण्याची सवय लागावी लागते, इतकेच.

२२/
२००३ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त केला. २००४ मध्ये त्या वर्षांत शिक्षण हुकलेल्यांसाठी शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. उतारवयातील माणसे तिचा लाभ घेऊन परीक्षांना बसली. २००८ मध्ये खुद्द प्रिन्स एडवर्डच्या पर्यवेक्षक मंडळाने ठराव करून शाळा बंद करणे चूक होते असे म्हटले आणि काउंटीच्या न्यायालयाच्या मनोऱ्यावर सलोख्याचा दिवा लावला.

दिव्यापेक्षा ठराव मोलाचा. ज्या संस्थेने लिहून नाकारले, तिनेच लिहून कबूल केले. सूचक, अनुमोदक, मतदान, नोंद. १९५९ च्या सप्टेंबरात ज्याची पहिली इयत्ता सुरूच झाली नाही, ते सहा वर्षांचे मूल तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते.